मुंबईच्या उकाड्यात गरोदर बाई आणि तान्हं बाळ : नव्याने आलेल्यांसाठी

नागपूर, जळगाव, लातूरकडून मुंबईत आलेल्या माणसाला इथल्या उन्हाळ्याचं हसू येतं. तिकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, इथे जेमतेम ३४. पण हा आकडा फसवा आहे. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. मुंबईत घाम नुसता वाहतो, वाळत नाही, आणि रात्रीही सुटका नसते. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना किनाऱ्याला वेगळी फूटपट्टी लावतं. मैदानी भागात निदान ४० अंश लागतात, किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच विचार सुरू होतो.

आता या हवेत पोटात बाळ असेल तर? गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदयाला जास्त काम पडतं, आणि बाळाची उष्णताही आईच्याच अंगातून बाहेर जायची असते. पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्ध्या अंशाने गरमच असतं. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात तापमान एका अंशाने वाढलं की अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत सुमारे १६ टक्क्यांनी, असं दिसलं. एकेकीपुरतं पाहिलं तर ही वाढ लहान आहे, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण ‘बायकांना काय, सगळ्याच गरोदर राहतात’ म्हणून उडवून लावण्याइतकी ती लहान नाही.

माझ्या मते मुंबईत उन्हापेक्षा खोलीचा त्रास जास्त. उन्हात जायचं टाळता येतं, दहा बाय बाराच्या खोलीत मात्र चोवीस तास काढायचे असतात. म्हणून सुरुवात खोलीपासून.

१. खोलीचा स्वभाव ओळखा

पत्र्याची खोली आणि स्लॅबची खोली यांची दुखणी वेगळी. पत्रा दुपारी भट्टीसारखा तापतो, पण ऊन उतरल्यावर लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि रात्री अकरापर्यंत ती धग खाली सोडत बसतो. म्हणजे गोवंडी-मालवणीकडच्या पत्र्याच्या घरात असाल तर दुपारी १२ ते ४ बसायची दुसरी जागा शोधायची : तळमजल्यावरची शेजारीण, चाळीची सावलीतली गॅलरी, समाजमंदिर, जे असेल ते. आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर रात्रीच्या झोपेची सोय आधी बघायची.

पोटमाळ्यावर झोपत असाल तर गरोदर बाईचं अंथरूण आजच खाली आणा. गरम हवा वर जमते, आणि जिना चढउतर करण्यातला धोका वेगळाच. घरात जागा नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, वर दीर झोपेल, नवरा झोपेल, ती नाही.

छताला पांढरा रंग किंवा चुन्याचा हात मारला तर ऊन परतवलं जातं आणि आतला फरक कळण्याइतका असतो. स्लॅबच्या गच्चीसाठी सोसायटीची परवानगी घ्या. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो. पत्र्याखाली थोडी जागा सोडून प्लायवूड किंवा बांबूची चटई ठोकली तर मधल्या हवेच्या थरामुळे धग कमी उतरते. हे काम फेब्रुवारीत उरकायचं. मेमध्ये पत्र्यावर चढायला कारागीरही तयार होत नाही.

कूलर गावीच ठेवून या. कोरड्या हवेत पाण्याचा कूलर राजा असतो, मुंबईत तो खोलीत आणखी दमटपणा भरतो. खिडकीला ओली चादर टांगायची युक्तीही इथे फारशी चालत नाही. इथे चालतो तो पंखा. घामेजलेल्या किंवा ओल्या फडक्याने पुसलेल्या अंगावर वारा हवा. एक टेबलफॅन छताच्या पंख्यापेक्षा कामाचा, कारण छताचा पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो. संध्याकाळी तो खिडकीपाशी ठेवून बाहेरची हवा आत घ्या.

एसी असेल तर २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावा. १८ वर लावून मग दोन गोधड्या घ्यायच्या, याला काही अर्थ नाही.

खिडक्यांचं गणित समजून घ्या. समुद्राकडून येणारा खारा वारा मुंबईला वाचवतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचं, जमिनीवरचं वारं जोरात असलं की हा वारा उशिरा सुटतो आणि त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेतला पारा ३८-३९ वर जातो. तो सुटला की पश्चिमेची खिडकी उघडी हवी. पण दुपारचं ऊनही त्याच बाजूने येतं. म्हणून खिडकी बंद करण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक लावा किंवा ताडपत्रीची झाप बांधा, म्हणजे वारा येईल आणि ऊन अडेल.

२. पाणी, आणि पाण्याआधी संडास

गरोदर बाईने उन्हाळ्यात दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी प्यावं, हे सगळे सांगतात. पण कामाला जाणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत ते आळसाने नव्हे. वस्तीतला संडास लांब आणि घाण, कामाच्या ठिकाणी सोय नाही, स्टेशनवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. मुंबईत ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, ही चळवळ उभी राहिली ती याच दुखण्यातून. पाणी कमी, लघवी रोखलेली, त्यातून लघवीचा संसर्ग, आणि त्यातून वेळेआधी कळा, अशी ही साखळी आहे. म्हणून घर ते काम या वाटेवरचा एक बरा संडास आधी हेरून ठेवा. मॉल, मोठं रुग्णालय, ओळखीच्या बाईचं घर, काहीही चालेल. जिथे घरकाम करता तिथल्या ताईंना स्पष्ट विचारा. गरोदर बाईला नाही म्हणणारं घर असेल तर ते घर सोडलेलं बरं.

लघवीचा रंग हाच तुमचा मीटर. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर लगेच दोन पेले पाणी. तहान लागायची वाट बघू नका. लोहाच्या किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग थोडा बदलू शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

पाण्याखेरीज ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत, पन्हं, शहाळं हे सगळं उत्तम. वसई-पालघरकडून येणारे ताडगोळे तर खास. गरोदरपणातली साखर असेल तर गोड सरबतं आणि उसाचा रस टाळा, ताक घ्या. रक्तदाब वाढलेला असेल, किंवा हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठ आणि पाणी किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

बाहेरची कापलेली कलिंगडं, बर्फाचा गोळा, गाडीवरची सरबतं नकोत. कारण नुसतं पोट बिघडणं एवढंच नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्या जिवावर बेतू शकते. पाणीकपातीच्या दिवसांत टँकरचं आणि साठवलेलं पाणी उकळूनच प्या.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस, म्हणजे जलसंजीवनीची पावडर. अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (मोठं असेल तर एक लिटर), अर्धं पाकीट पेल्यात असा हिशेब नको. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. खरं सूत्र नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये बंदी घातली, पण दुकानदाराच्या तोंडी तो अजून असतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या.

३. दिवसाची मांडणी

छोट्या खोलीत गॅस हाच दुसरा सूर्य. सकाळी आठच्या आत दोन्ही वेळचा स्वयंपाक शक्य तितका उरकावा. दुपारी भाकऱ्या बडवायला तिलाच बसवायचं असेल तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही. नवऱ्याला पोळ्या येत नसतील तर नऊ महिन्यांत शिकून होतात. पाणी भरायचं काम तर सरळ दुसऱ्याने घ्यायचं. पहाटे नळ आला की हंडे-कळशा उचलायला गरोदर बाई उठते, मग दिवसभर तिची झोप पुरी होत नाही. आणि उकाड्यात न झालेली झोप अंगावर येते.

बाहेर जायचं ते सकाळी अकराच्या आत किंवा पाचनंतर. दवाखान्याची ओपीडी नेमकी सकाळची असते, तेव्हा लवकर नंबर लावा, सोबत कुणी असू द्या, रांगेत त्याला उभं करा आणि स्वतः पंख्याखाली बसा. नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट : मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार प्रसूतीच्या आधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत तुम्ही मागणी केलीत तर दमवणारं किंवा बराच वेळ उभं राहायचं काम मालकाला देता येत नाही. तोंडी नको, अर्ज लिहून द्या.

डोहाळजेवण संध्याकाळी ठेवा. भरजरी नऊवारी, फुलांची वाडी, बंद हॉल, दुपारचे बारा आणि शंभर माणसं, हा कार्यक्रम कुणाच्या हौसेचा असतो कोण जाणे.

४. लोकल, रिक्षा आणि माहेरचा रस्ता

लोकलच्या दिव्यांग डब्यातून गरोदर बाईला जाता येतं. डॉक्टरांचा दाखला किंवा तपासणीची फाइल जवळ असू द्या, वाद घालणारे भेटतातच. गर्दीच्या वेळेत एक-दोन गाड्या सोडल्या तरी चालेल, पण घामाच्या गर्दीत दारात लोंबकळू नका. एसी लोकल, मेट्रो, बेस्टची एसी बस यांचे चार पैसे जास्त गेले तरी शेवटच्या तिमाहीत तो खर्च औषधाचा समजा. डब्यात गरगरायला लागलं तर खाली बसा, लाजू नका. उभ्याने पडण्यापेक्षा ते बरं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तारीख जूनची असेल तर माहेरचा प्रवास नेमका एप्रिल-मेमध्ये येतो, आणि मुंबईच्या ३४ मधून थेट अकोल्याच्या ४४ मध्ये. अंगाला नव्या उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जायचंच असेल तर शक्यतो मार्चच्या आधी जा. नाहीतर रात्रीची गाडी घ्या, दुपारची एसटी नको. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, फाइल आणि रक्ताचे अहवाल सोबत घ्या, आणि पोचल्यावर तिथल्या आरोग्य केंद्रात लगेच नाव नोंदवा. तिकडे मात्र कूलर बिनधास्त लावा, हवा कोरडी असते.

मुंबईतच बाळंतपण करायचं असेल तर जवळच्या महापालिका प्रसूतिगृहात लवकर नाव घाला. भाग नवा असेल तर वस्तीतल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य संस्थांमध्ये तपासणी मोफत असते.

५. बाळ आल्यावर

तान्ह्या बाळाला घाम नीट येत नाही, तहान सांगता येत नाही आणि पांघरूणही झटकता येत नाही. आपण जे घालू ते ते सोसतं. भर उकाड्यात एक सुती झबलं पुरे. घरात टोपडं नको, कारण बाळाची बरीच उष्णता डोक्यातूनच जाते. हातमोजे-पायमोजे, लोकरी स्वेटर, दुपट्यात घट्ट गुंडाळणं हे सगळं डिसेंबरसाठी. हात-पाय गार लागतात म्हणून पांघरूण घालतात, पण बाळाचे हात-पाय थोडे गार असतातच. छाती किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथे ओलं-गरम लागलं तर एक कपडा कमी करा.

वेळेआधी झालेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला हे सरसकट लागू नाही. त्याला उन्हाळ्यातही ऊब लागू शकते. रुग्णालयातून निघतानाच किती कपडे, किती वेळ आईच्या छातीशी धरायचं, हे नीट विचारून घ्या.

झोळी सोयीची असते, मान्य. पण पत्र्याच्या खोलीत ती वर, गरम हवेत टांगलेली असते आणि दोन्हीकडून कापड बाळाला झाकतं. दुपारी तरी बाळाला खाली, सपाट सुती अंथरुणावर, पाठीवर झोपवा. खाली मेणकापड असेल तर त्यावर सुती चौघडी घाला. पंखा चालू राहू द्या, झोत थेट तोंडावर नको एवढंच. मच्छरदाणी लावा, पण विरळ विणीची. पावडर मुळीच नको. ती श्वासात जाते आणि घामोळ्यांनाही उपाय नाही. घामोळ्यांवर उपाय म्हणजे कोमट पाण्याची अंघोळ, दुपारी ओल्या फडक्याने पुसणं आणि मान, काखा, जांघा कोरड्या ठेवणं. मालिश करा, पण तेल अंगावर थापून ठेवू नका, धुऊन टाका. दिवसातून थोडा वेळ डायपर काढून साध्या लंगोटात ठेवा.

दूध हेच पाणी. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावरच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. उकाड्यात बाळ सारखं मागेल, थोडं थोडं पिईल. पाजत राहा. चमच्याने पाणी, साखरपाणी, मध, गुटी यांनी पोट भरतं, दूध कमी जातं आणि संसर्गाला वाट मिळते. मध तर एक वर्षापर्यंत नकोच. वरच्या दुधाची पावडर असेल तर ‘गरमी आहे’ म्हणून पातळ करू नका, डब्यावरच्या मापानेच करा आणि वेगळ्या पाण्याचं डॉक्टरांना विचारा. काढून ठेवलेलं दूध मुंबईच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. चार तासांचा जो नियम ऐकता तो २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. लगेच फ्रिजमध्ये.

पुरतंय की नाही हे लंगोट सांगतो. पहिला आठवडा उलटला की चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी.

बाहेर नेताना बाबागाडीवर किंवा कडेवरच्या बाळाच्या तोंडावर ओढणी टाकू नका, आत भट्टी होते. छत्री धरा. आणि उभ्या गाडीत बाळाला ‘दोनच मिनिटं’ सुद्धा ठेवायचं नाही.

६. घरातल्या मोठ्यांशी बोलणं

खरी लढाई इथे असते. बाळंतिणीची खोली बंद, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, वर ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’. हे सगळं मायेपोटी असतं, आणि पावसाळी गावच्या गार घरात त्याला काही अर्थही असेल. कुर्ल्याच्या खोलीत मे महिन्यात नाही. बंद खोलीतला निखारा विषारी वायू सोडतो, धुराने बाळाचा श्वास कोंडतो, आणि पाजणाऱ्या आईला तर नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं. पाजायला बसताना शेजारी तांब्या हवाच.

वाद घालू नका, काम वाटून द्या. ‘आई, डॉक्टरांनी बाळाला मोकळं ठेवायला सांगितलंय. तुम्हीच मानेला हात लावून बघा ना, किती घाम आलाय,’ असं म्हटलं की सासूबाई स्वतःच टोपडं काढतात. मालिश त्यांच्याकडे द्या, डिंकाचे लाडूही करू द्या, त्याने काही बिघडत नाही. शेगडीचं मात्र नवऱ्याने बोलायचं, सुनेने नाही. त्याची आई आहे.

७. कधी धावायचं

गरोदर बाईला खूप थकवा, गरगरणं, मळमळ, पायात गोळे असं झालं तर सावलीत आणा, डाव्या कुशीवर झोपवा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसत पंखा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. बरळणं, झटके, शुद्ध हरपणं किंवा अंग चटका बसेल इतकं तापणं हा उष्माघात आहे. १०८ लावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घाला, बर्फ फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

काही गोष्टी ‘उकाड्यामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका : न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज (हा वाढलेल्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो), ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, अंगावरून पाणी जाणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा.

बाळ गरम लागलं तर कपडे काढून, पाजून, वाऱ्याशी ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी काखेत थर्मामीटर लावा. तीन महिन्यांआतल्या बाळाला ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट भरलं तर घरी औषध नको, थेट रुग्णालय. दूध न ओढणं, मलूल पडणं, टाळू खोल जाणं, तोंड कोरडं पडणं, सहा-आठ तास शू न होणं हेही तसंच. महापालिकेची केईएम, नायर, सायन, कूपर आणि परळचं वाडिया ही मोठी ठिकाणं. तुमच्या घरापासून यातलं जवळचं कुठलं आणि मध्यरात्री तिथे कसं पोचायचं, हे आजच ठरवा. १०८ आणि गरोदर माता व बाळासाठीचा १०२, दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत.

ज्यांची तारीख सप्टेंबर-ऑक्टोबरची आहे त्यांनी हे सगळं पावसाळ्यानंतर पुन्हा काढायचं आहे. पाऊस थांबला की ऑक्टोबरचा उकाडा येतो, तोही मेसारखाच चिकट. तेव्हा पाणीकपातीची भीती कमी असते, पण डेंग्यू-मलेरियाचे डास असतात. म्हणून खिडकी बंद करण्याऐवजी तिला जाळी बसवून घ्या.